स्टँडवरचा भोंगा आणि सहावीचा भूगोल

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईने लिहिलं आहे. मुलगा ११ वर्षांचा, सहावीत, मराठी माध्यमात. सातव्या वर्षी त्याला मेंदूज्वर झाला. तीन आठवडे दवाखान्यात काढले, त्यात फिट्स आल्या. घरी आला तो चालता-बोलता. पण एमआरआयमध्ये मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या ‘हिप्पोकॅम्पस’ या भागाला इजा झालेली दिसली. फिटची गोळी अजून चालू आहे. मुलगा वाचतो, हिशेब करतो, विनोद कळतो, पण काल शिकवलेलं आज कोरं. आई रोज संध्याकाळी दोन तास बसते, प्रत्येक उत्तर वीस वेळा लिहून घेते. सासूबाई म्हणतात, ‘लक्षच देत नाही.’ मिस्टर म्हणतात, ‘चांगली शिकवणी लावू.’ वर्गशिक्षिकेने विशेष शाळेचं सुचवलं आहे. ‘रात्री पाठ झालेलं सकाळी जातं. हा काही शिकू शकेल का, की मी त्याला उगाच छळतेय?’ असा आईचा प्रश्न. जाता जाता एक ओळ: ‘दोन वर्षांपूर्वी आम्ही एसटी स्टँडच्या मागे राहायला आलो, मिस्टरांची तिथे टपरी आहे. आणि गंमत म्हणजे कुठली गाडी किती वाजता कुठल्या फलाटावर लागते, हे याला तोंडपाठ आहे.’

ताई,

तुमच्या चार पानांतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तुम्ही ‘गंमत म्हणजे’ असं म्हणून शेवटी टाकली आहे. मी तिच्यापासूनच सुरुवात करते.

मुलगा आजारी पडला सातव्या वर्षी. तुम्ही स्टँडमागे आलात तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. म्हणजे त्याला पाठ असलेलं ते अख्खं वेळापत्रक त्याने आजारपणानंतर शिकलेलं आहे. ज्या मेंदूबद्दल घरात सगळे ‘यात काही राहत नाही’ म्हणतात, त्याच मेंदूने. ‘हा काही शिकू शकेल का’ हा तुमचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर रोज पहाटेपासून तुमच्या खिडकीबाहेर वाजतंय.

त्याला ते शिकवलं कोणी? कंट्रोलरच्या भोंग्याने. ‘कराडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे.’ तेच शब्द, त्याच क्रमाने, दिवसातून अनेकदा, आणि प्रत्येक वेळी बरोबर. भोंग्याने त्याला कधी ‘सांग बघू, कराड गाडी कुठे लागते?’ असं विचारून रडवलं नाही, ‘काल तर सांगितलं होतं’ असंही ऐकवलं नाही. माहिती आधी कानावर पडत गेली आणि पुढे कधीतरी तोंडातून बाहेर आली. आता तुमचे संध्याकाळचे दोन तास आठवून बघा. तिथे नेमकं उलटं चाललंय. आधी प्रश्न, मग शांतता, मग चुकीचं उत्तर, मग ‘नीट आठव ना’, मग आणखी एक चुकीचं उत्तर. रागावू नका. मीही हेच केलेलं आहे, ते पुढे सांगते.

आधी एक फरक समजून घेऊ. ‘कालच्या तासाला बाईंनी काय शिकवलं, कोण कुठे बसलं होतं, फळ्यावर काय काढलं होतं’ ही घडलेल्या प्रसंगाची आठवण. ‘कराडला कृष्णा आणि कोयना भेटतात’ ही माहिती. आपल्याला या दोन्ही एकच वाटतात, कारण आपल्यात त्या हातात हात घालून येतात. हिप्पोकॅम्पसला इजा झाली की पहिली बाजू फार लंगडी पडते. दुसरी हळू होते, पण बंद पडत नाही. १९९७ साली लंडनच्या फराने वर्गा-खादेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तिघांविषयी लिहिलं. ते तेव्हा १४, १९ आणि २२ वर्षांचे होते. एकाला इजा जन्मावेळी झाली होती, एकाला चौथ्या वर्षी, एकाला नवव्या. दिवसभरात काय घडलं हे त्यांना संध्याकाळी सांगता येत नव्हतं, ओळखीच्या रस्त्यावर चुकायचे, वस्तू हरवायचे. तरी तिघंही साध्या शाळेत शिकले, आणि वाचन, भाषा, सामान्य माहिती यांत सर्वसाधारण मुलांच्या आसपास होते. शाळेतला प्रत्येक तास विसरत विसरत ती मुलं शिकली.

म्हणून सासूबाईंना सांगा की लक्ष न देण्याचा हा प्रकार नाही. आणि तुम्ही स्वतः ‘काल शिकवलं ते आठवतंय का?’ हा प्रश्न घरातून हद्दपार करा. त्या प्रश्नात तुम्ही त्याला नेमकं तेच मागता जे त्याच्याकडे नाही. तो ‘हो हो, आठवतंय’ म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. तुम्हाला ते खोटं बोलणं वाटतं. मला ती त्याची अब्रू वाचवायची धडपड वाटते. दिवसातून दहा वेळा ‘नाही’ म्हणायला कोणाला आवडेल?

आता माझी चूक. नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडे एक मुलगी होती, मेंदूच्या ऑपरेशननंतर शाळेत परतलेली. मी विचारलं, ‘भारताचे पहिले पंतप्रधान कोण?’ ती म्हणाली, ‘गांधीजी.’ मी म्हटलं, ‘नाही, नीट आठव.’ मग मी बरोबर उत्तर सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. पाचव्या-सहाव्या दिवशी मी विचारलं तर ती एका दमात म्हणाली, ‘गांधीजी, नाही, नीट आठव.’ माझ्याच सुरात. ती शिकली होती की! मी जे आठवडाभर शिकवलं ते तंतोतंत. नेहरू त्यात शेवटी, दमलेल्या आवाजात यायचे, ते तेवढे गळले होते.

साध्या मुलाला आपण चुकलो होतो हा प्रसंग आठवतो, म्हणून तो पुढच्या वेळी ती वाट टाळतो. तुमच्या मुलाला चूक झाल्याचं आठवत नाही, फक्त तोंडातून गेलेला शब्द ओळखीचा होऊन बसतो. ओळखीचा म्हणून पुन्हा तोच येतो. १९९४ साली अॅलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी स्मृती गेलेल्या मोठ्या माणसांना शब्द शिकवून हेच दाखवलं. एकदा पहिली अक्षरं सांगून ‘ओळखा’ म्हटलं, आणि एकदा अक्षरांबरोबर शब्दच सांगून ‘लिहा’ म्हटलं. अंदाज करू दिला नाही तेव्हा त्यांना शब्द बरेच जास्त राहिले. मुलांवरचे असे प्रयोग कमी आहेत आणि ते सगळे एका सुरात बोलत नाहीत. पण ज्या मुलाच्या वहीत तीच ती चूक पुन्हा पुन्हा दिसते, त्याच्याबाबतीत माझा कौल याच बाजूला आहे.

‘अडखळल्याशिवाय शिकत नाही’, ‘स्वतः शोधून काढलेलं जास्त टिकतं’ हे इतर मुलांच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरं आहे. तुमच्या मुलासाठी ते तात्पुरतं कपाटात ठेवून द्या.

मग करायचं काय? दोन तास बंद. संध्याकाळचा स्वयंपाक चालू असताना त्याला ओट्याजवळ बसवा. एकच गोष्ट घ्या. तुम्ही म्हणा, ‘कराडला कृष्णा आणि कोयना भेटतात. कराडला कुठल्या दोन नद्या भेटतात?’ उत्तर अजून हवेत असतानाच प्रश्न. तो ‘कृष्णा आणि कोयना’ म्हणेल. एक पोळी लाटून झाली की पुन्हा विचारा. मग दोन पोळ्यांनी. मग कुकरच्या पहिल्या शिट्टीला, मग तिसऱ्या शिट्टीला, मग जेवायला बसताना, मग अंथरूण घालताना. अंतर वाढवत न्यायचं, दुप्पट-दुप्पट म्हणा हवं तर. कुठे अडला तर लगेच सांगायचं, त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं आणि ज्या अंतरावर त्याला जमलं होतं तिथे परत यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी थेट प्रश्न नको. आधी सांगा, मग विचारा. मधल्या वेळात त्याने काहीही करावं, खेळावं, टीव्ही बघावा. तो वेळ गेला तरच पुढच्या प्रश्नाला अर्थ आहे.

यात एक नियम लागतो, आणि तो तुमच्या घरातल्या सगळ्यांना पाळावा लागेल. ‘आठवत नसेल तर अंदाज करायचा नाही, “सांग” म्हणायचं.’ त्याने ‘सांग’ म्हटलं की हसतमुखाने सांगायचं, उसासा न टाकता. मनातल्या मनात तीन आकडे मोजा, तोवर उत्तर आलं नाही तर त्याने ‘सांग’ म्हणायचीही वाट बघू नका. धाकटी बहीण असल्याचं तुम्ही लिहिलंय. ती गंमत म्हणून चुकीची उत्तरं ओरडत असेल तर तिला प्रेमाने दुसऱ्या खोलीत पाठवा.

वीस वेळा लिहिण्याचं. तिसऱ्या ओळीनंतर तो वरची ओळ बघून अक्षरं उतरवत असतो. हात चालतो, डोकं खिडकीत असतं. एका संध्याकाळी वीस वेळा, त्यापेक्षा दहा दिवस रोज दोनदा, बघून नाही तर आतून काढून. बेरीज तीच आणि फळ वेगळं. लिहायचंच असेल तर अशी चिठ्ठी करा: पहिल्या दिवशी ‘कृष्णा – कोयना’ पूर्ण. दोन-तीन दिवसांनी ‘कृष्णा – को…’. मग ‘कृ… – को…’. मग नुसत्या दोन रेघा. तो भरत जाईल, तुम्ही अक्षरं काढत जा. अडला की एक अक्षर परत द्या. एलिझाबेथ ग्लिस्की आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये याच युक्तीने स्मृती गेलेल्या माणसांना संगणकाचे शब्द शिकवले होते.

पाढे, ‘तानापिहिनिपाजा’, नकाशातल्या जिल्ह्यांचं गाणं, चालीत बसेल ते सगळं बिनधास्त चालीत घ्या. फक्त चालीतली माहिती साखळीसारखी येते. ‘सात पंचे?’ विचारलं तर त्याला ‘सात एके’पासून निघावं लागेल. निघू द्या. मात्र त्याला स्वतःला युक्त्या शोधायला लावू नका. युक्ती लक्षात ठेवणं हे त्याच्यासाठी आणखी एक ओझं. तयार द्या.

या पद्धतीची खोट अशी की अशा रीतीने शिकलेलं फार ताठर असतं. ‘शिवरायांचा राज्याभिषेक कुठे झाला?’ म्हटलं की ‘रायगड’ येईल, पण ‘१६७४ साली रायगडावर काय झालं?’ म्हटलं की तोच मुलगा भिंतीकडे बघेल. तुम्हाला वाटेल पुन्हा सगळं गेलं. गेलेलं नाही, तो दरवाजा वेगळा आहे. म्हणून एक बाजू पक्की झाली की प्रश्न उलटा करून तेही तसंच सांगून-विचारून शिकवायचं. मग शब्द थोडे बदलायचे, मग ओट्याऐवजी अंगणात विचारायचं, मग बाबांनी टपरीवर विचारायचं. शाळेत बाईंच्या तोंडून प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो आणि हा गप्प बसतो, त्याचं निम्मं कारण हेच असावं. बाईंना विनंती करा की पुस्तकातला प्रश्न पुस्तकातल्याच शब्दांत विचारा.

नवी माहिती कशाला बांधायची हेही बघा. हवेत टांगलेली माहिती कोणाचीच राहत नाही, याची तर नाहीच. पण याच्याकडे एक भक्कम खुंटी आहे, गाड्यांच्या पाट्या. सहावीचा भूगोल त्या पाट्यांवर टांगा. पंढरपूरची गाडी जाते तिथे भीमा आहे, तिथे तिला चंद्रभागा म्हणतात. महाबळेश्वरची गाडी जाते तिथे कृष्णा उगम पावते, तीच पुढे वाईवरून कराडला येते. नाशिकच्या गाडीला गोदावरी. एक जुना रस्त्यांचा नकाशा भिंतीला लावा आणि बोट फिरवत गाडी सोडा. इतिहास, विज्ञान असं सगळंच पाट्यांवर बसणार नाही, ओढूनताणून बसवू नका.

आणि किती? सुरुवातीला आठवड्याला तीन गोष्टी. ऐकून तुमचा चेहरा पडला असेल. शाळेच्या वर्षात शंभरच्या आसपास होतात, पुस्तकं तर ढीगभर आहेत. पण आज रोज दोन तास बसून त्यातलं वर्षअखेर किती उरतं, हे तुम्हीच पत्रात लिहिलंय. बाईंकडे जा आणि प्रत्येक धड्यातल्या ‘हे एवढं आलंच पाहिजे’ अशा दोन ओळींवर खूण करून घ्या. बाकीचा धडा गोष्ट म्हणून वाचा, चित्रं बघा, त्यावर प्रश्न नाही. खरं सांगू का, मी पुस्तकालाही दुसरा नंबर देईन. पहिल्या तीन गोष्टी या असाव्यात: बाबांचा मोबाईल नंबर, घराचा पत्ता, आणि स्वतःच्या फिटच्या गोळीचं नाव. हा मुलगा एक दिवस त्याच स्टँडवरून एकटा गाडीत बसणार आहे.

प्रसंगांची आठवण लंगडी आहे, तिला काठी द्या. खिशात मावेल अशी एक वही, दोऱ्याने दप्तराला बांधलेली. बाईंनी किंवा शेजारच्या मुलाने शाळा सुटताना दोन ओळी लिहायच्या: ‘बेडकाचा धडा झाला. मधल्या सुट्टीत पाऊस आला.’ घरी तुम्ही ‘आज काय झालं?’ न विचारता वही उघडा आणि गप्पा मारा, ‘बेडूक कापून दाखवला की नुसतं चित्र?’ वही बघायची आठवण तरी कशी राहणार, असं म्हणाल. ती सवय म्हणून लावायची, चप्पल काढली की वही. सवयी आणि हातची कौशल्यं मेंदूच्या वेगळ्या भागांवर चालतात, ते त्याचे शाबूत दिसतात. आजारानंतर सायकल शिकलाय ना तो? काही महिने तुम्हाला दारात उभं राहावं लागेल एवढंच.

आता शाळेचं. शिकवणीबद्दल माझं मत रोखठोक आहे. वीस मुलांत बसून तेच वेगाने ऐकण्यापेक्षा ते पैसे ठेवून द्या. त्याच वर्गात पुन्हा बसवण्यानेही काही साधत नाही. मागचं वर्ष त्याला प्रसंग म्हणून आठवणार नाही, आणि शिकवण्याची तऱ्हा तीच राहिली तर फळही तेच. बाईंनी सुचवलेल्या विशेष शाळेवर मी फुली मारत नाही, पण आपल्याकडच्या अशा बहुतेक शाळा बौद्धिक अक्षमतेच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून चालतात. तुमच्या मुलाची समज शाबूत आहे, विनोद कळतात, हिशेब येतो. त्याला तिथे कंटाळा येईल. माझा कल आहे त्या शाळेकडे, आहेत त्या मित्रांकडे. मात्र निर्णयाआधी एकदा सविस्तर मानसशास्त्रीय चाचणी करून घ्या, नुसता बुद्ध्यांक नाही, स्मृतीची वेगळी. समज चांगली आणि स्मृती कमी, हे कागदावर आलं की सासूबाईंपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांशी बोलणं सोपं होतं.

पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं काम बघणारे विशेष शिक्षक असतात, त्यांना भेटा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजारही आहेत. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी आत्ताच करा, दहावीच्या वर्षी धावपळ नको. पण सवलतींची यादी बघताना एक लक्षात ठेवा. जादा वेळ आणि लेखनिक हे हात हळू चालणाऱ्याच्या कामाचं. ज्याला उत्तर आठवत नाही त्याला जादा वेळ म्हणजे हॉलमध्ये जास्त वेळ बसणं. शाळेच्या पातळीवर तुम्ही मागायचं ते जोड्या लावा, तोंडी परीक्षा, पहिलं अक्षर दिलेल्या रिकाम्या जागा. समोर दिसलेलं ओळखणं अशा मुलांना स्वतःहून आठवण्यापेक्षा पुष्कळदा सोपं जातं. फक्त घरी शिकवताना चार पर्याय दाखवू नका, तीन चुकीचे उगाच ओळखीचे होतात. दहावीला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्गही आहे. विषय निवडता येतात, एकेक करून देता येतात, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. त्याला अजून वेळ आहे.

डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. मधूनच क्षणभर टक लावून बघतो, हाक ऐकत नाही, असं होतं का? तशा बारीक फिट्स असतील तर तेवढा वेळ काहीच आत जात नाही. आणि चालू गोळीने सुस्ती येतेय का? गोळी स्वतःहून कमी करायची नाही, एक दिवसही नाही. सासूबाईंचे बदाम खुशाल द्या, खाऊ म्हणून. ‘बुद्धिवर्धक’ चूर्ण मात्र फिटच्या औषधाबरोबर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि रात्रीची झोप पूर्ण. दहा वाजेपर्यंत पाठांतर चालतं असं लिहिलंय तुम्ही, ते आजपासून बंद. शिकलेलं झोपेत मुरतं, आणि जागरणाने फिटही येऊ शकते.

सोमवारपासून सुरू करा, बाबांच्या मोबाईल नंबरच्या पहिल्या पाच आकड्यांनी. त्याआधी रविवारी संध्याकाळी त्याच्याबरोबर स्टँडवर जा आणि बाकावर बसा. पहाटेची पहिली गाडी कुठली, ती कुठे लागते, हे तुम्हाला ठाऊक नसणार. अंदाज करू नका. त्याला ‘सांग’ म्हणा.